पहिली कोलोनोस्कोपी: कोणी करावी, कधी करावी आणि पोट साफ कसं करावं

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी. तिचं नाव काढलं की सगळ्यांना धास्ती असते ती नळीची. प्रत्यक्षात नळी आत असते तेव्हा बहुतेक पेशंट गुंगीत असतात आणि शुद्धीवर आल्यावर विचारतात, "झालं पण?" खरा त्रास आदल्या दिवसाचा. पावडरचं पाणी पिण्याचा आणि संडासच्या फेऱ्यांचा. ही तयारी नीट झाली तर तपासणी अर्ध्या तासात उरकते. अर्धवट झाली तर डॉक्टर कितीही निष्णात असोत, मळाच्या आड दडलेला छोटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा कोंब) त्यांना दिसणार नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागेल. म्हणून या लेखात बरीचशी जागा तयारीलाच दिली आहे. पण आधी हे ठरवू, की ही तपासणी तुम्हाला लागते का.

काही त्रास होतोय का?

स्क्रीनिंग म्हणजे कसलीही तक्रार नसताना केलेली चाचपणी. तक्रार असेल तर ते स्क्रीनिंग नव्हे, मग पुढे दिलेले पर्याय तुमच्यासाठी नाहीत. सरळ पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

हे ठासून सांगायचं कारण असं, की आपल्याकडे संडासवाटे रक्त गेलं की घरातलं कोणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं: "मूळव्याध असेल, अंगात उष्णता झालीय." मग सुरणाची भाजी, ताक, ओळखीच्याने सांगितलेलं चूर्ण आणि भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीतला 'मूळव्याध-भगंदर' दवाखाना. यात सहा-आठ महिने सहज जातात. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते हेही खरं. पण मूळव्याध असलेल्याला गुदाशयाचा कॅन्सर होत नाही असा काही नियम नाही, आणि दोन्हींत जाणारं रक्त लालच दिसतं. शिवाय भारतात या कॅन्सरचे पेशंट पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात दिसतात. त्यामुळे "पस्तिशीत कुठला कॅन्सर" या भरवशावर राहू नका.

रक्त, काही आठवडे टिकलेला बद्धकोष्ठ किंवा जुलाब, जाऊन आल्यावरही पोट साफ न वाटणं, विनाकारण वजन घटणं, किंवा रक्ततपासणीत लोह कमी निघणं (विशेषतः पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत), यातलं काहीही असेल तर दाखवून घ्या. डॉक्टर बोट घालून गुदाशय तपासायचं म्हणाले तर लाजेपोटी नाही म्हणू नका. गुदाशयातल्या काही गाठी त्या एका मिनिटात हाताला लागतात. आणि "सोनोग्राफी नॉर्मल आली" यावर समाधान मानू नका. पोटाच्या सोनोग्राफीत मोठ्या आतड्याच्या आतलं अस्तर दिसत नाही, तिथला पॉलिप तर नाहीच नाही.

तक्रार नसेल तर कोणती चाचणी?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपमधून होतो. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवलेला छोटा मांसल कोंब. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. या दहा वर्षांत तो कोंब कापून टाकला की पुढचा प्रश्नच मिटतो. म्हणून ही तपासणी कॅन्सर लवकर पकडते एवढंच नाही, काही जणांत तो होऊच देत नाही.

अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने २०२१ मध्ये स्क्रीनिंग सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ वर आणलं. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी मल तपासणीचं किट टपालाने घरी येतं. भारतात असं कोणी बोलावत नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरचं स्क्रीनिंग आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे ते एका अर्थी समजण्यासारखंही आहे. पण याचा अर्थ, निर्णय तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांनाच घ्यायचाय.

पर्याय असे:

फिट म्हणजे मलातलं डोळ्यांना न दिसणारं मानवी रक्त शोधणारी चाचणी. दरवर्षी करायची. पथ्य नाही, पावडर नाही, सुट्टी नाही. काडीने चिमूटभर नमुना घेऊन बाटलीत टाकायचा, झालं. लॅबमध्ये मात्र नीट विचारा. 'स्टूल ऑकल्ट ब्लड' या नावाखाली अनेक ठिकाणी जुनी ग्वायॅक पद्धतीची चाचणी होते. तिला मटणासारखं लाल मांस चालत नाही आणि काही खाण्यापिण्याने ती चुकते. तुम्हाला 'इम्युनोकेमिकल' हवी आहे असं सांगा. फिट पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. "पुन्हा एकदा फिट करून बघू" हा मार्ग नाही.

कोलोनोस्कोपी नॉर्मल निघाली तर पुन्हा दहा वर्षांनी. पॉलिप दिसला तर त्याच बैठकीत काढता येतो, हा तिचा मोठा फायदा.

सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनने मोठं आतडं आतून बघणं, दर पाच वर्षांनी. हिलाही पोट साफ करावं लागतं आणि काही सापडलं तर शेवटी कोलोनोस्कोपी आहेच. पोटाचा साधा सीटी स्कॅन म्हणजे ही तपासणी नव्हे. सिग्मॉइडोस्कोपीत फक्त डावीकडचा, शेवटचा भाग दिसतो.

रक्ताच्या चाचणीबद्दल हल्ली खूप विचारणा होते. अमेरिकेत 'शील्ड' या रक्तचाचणीला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती कॅन्सर झालेल्या सुमारे ८३ टक्के लोकांना पकडते, पण कॅन्सरच्या आधीच्या, धोकादायक पॉलिपपैकी जेमतेम १३ टक्के. म्हणजे रोग टाळण्याचं काम तिच्याकडून फारसं होत नाही. आणि 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात जी सीईए नावाची चाचणी घुसडलेली असते, ती स्क्रीनिंगची चाचणीच नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती नॉर्मल येऊ शकते आणि सिगरेट ओढणाऱ्यात उगाचच वाढलेली दिसते. ती उपयोगी पडते कॅन्सरच्या उपचारानंतर लक्ष ठेवायला.

माझं मत विचाराल तर, पंचेचाळीस-पन्नाशी ओलांडलेल्या, घरात कोणाला हा कॅन्सर नसलेल्या माणसाने दरवर्षी फिट केली तरी पुष्कळ झालं. स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल २०२५ मध्ये आले. दहा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू, फिटसाठी बोलावलेल्या आणि कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते: ०.२४ आणि ०.२२ टक्के. फिटला माणसं जास्त आली हे त्यातलं मर्म. जी चाचणी तुम्ही खरोखर कराल, ती निवडा.

घरात कोणाला असेल तर मात्र हा हिशोब बदलतो. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी. वडिलांना ४६ व्या वर्षी झाला असेल तर तुम्ही ३६ व्या वर्षी. एकाच घरात दोन-तीन जणांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर असेल तर लिंच सिंड्रोमसारखी आनुवंशिक शक्यता असते, आणि मग तपासण्या विशी-पंचविशीपासूनच सुरू होतात.

वेळ घेताना

खर्च विचारताना एकच आकडा ऐकून फोन ठेवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, पॉलिप काढण्याचे पैसे आणि बायोप्सीचा (काढलेला तुकडा लॅबमध्ये तपासण्याचा) खर्च त्यात धरलाय का, ते विचारा. बिल फुगतं ते इथेच. मेडिक्लेममधून होणार असेल तर आधीच टीपीएला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेला) विचारून ठेवा. नुसत्या स्क्रीनिंगचे पैसे सहसा मिळत नाहीत. मुंबईत केईएम, सायन, जेजे किंवा गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज इथे खासगीच्या मानाने खूप कमी पैशांत काम होतं, मात्र तारखेसाठी थांबावं लागतं.

बाहेरगावाहून येणार असाल तर सकाळची वेळ घेताना विचार करा. चिपळूणहून पहाटेची एसटी धरून पुणे किंवा मुंबई गाठायची आणि पोट साफ करणाऱ्या पावडरच्या पाण्याचा दुसरा डोस वाटेत घ्यायचा, हे अशक्य आहे. आदल्या रात्री दवाखान्याजवळ मुक्काम करा.

औषधांची यादी करून, शक्यतो चिठ्ठ्यांसकट, वेळ घेतानाच दाखवा. मुख्य गोष्टी या:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, अ‍ॅपिक्साबॅन वगैरे) कधी थांबवायच्या ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. मनाने बंद करू नका. स्टेंट असेल तर मुळीच नाही. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात.
- मधुमेहात उपाशी दिवशी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी किंवा नेहमीच्या इन्सुलिनने साखर एकदम उतरू शकते, म्हणून डोस बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवतात. वजनाचं किंवा साखरेचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा.
- लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. इसबगोलही बंद.
- ब्लड प्रेशरची गोळी बहुधा त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. तरी विचारा.
- किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर न विचारता सांगा. पोट साफ करायचं सोडियम फॉस्फेटचं औषध अशांना घातक ठरू शकतं. त्यांना पीईजीची (पॉलिएथिलीन ग्लायकॉलची) पावडर देतात.

दोन-तीन दिवस आधीचं जेवण

एरवी डॉक्टर ज्याचा आग्रह धरतात ते सगळं आता बंद: भाकरी, पोळी, पालेभाज्या, उसळी, कोशिंबीर, सालीसकट फळं. उद्देश एवढाच की आतड्यात चोथा उरू नये. बियांचं विशेष लक्षात ठेवा. पेरू, टोमॅटो, वांगं, भेंडी, अंजीर, तीळ, खसखस, सब्जा. या बिया दोन-दोन दिवस आतड्यात रेंगाळतात आणि दुर्बिणीची खेचून घेणारी नळी तुंबवतात. शेंगदाण्याचं कूट हे मराठी स्वयंपाकातलं छुपं संकट आहे. ते भाजीत कधी पडलं कळत नाही, त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्याला आधीच सांगा.

मग खायचं काय? पांढरा भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, इडली, रव्याचा शिरा, मैद्याचा ब्रेड, साल काढून उकडलेला बटाटा, दही, अंडं, वाफवलेला मासा. दही-भातावर दोन दिवस निघतात. मोहरी-मिरचीची फोडणी टाळा.

एक गंमत सांगते. काही जण म्हणतात, "मी उपासच धरतो, मग काय हलकंच झालं." पण आपल्या उपासात येतं काय, तर शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळं आणि कूट घातलेली खिचडी. तपासणीच्या दृष्टीने यापेक्षा भाताची मूद परवडली.

काही ठिकाणी हे पथ्य फक्त आदल्या एका दिवसाचं सांगतात, आणि ज्यांना बद्धकोष्ठ नाही त्यांना तेवढं पुरतंही. कायम बद्धकोष्ठ असेल, मधुमेह जुना असेल किंवा आधीच्या वेळी पोट साफ झालं नव्हतं असं असेल, तर तीन दिवस पाळा आणि जादा औषध लागेल का ते विचारा.

आदला दिवस

सकाळी हलका नाश्ता चालतो का, ते तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल. त्यानंतर फक्त आरपार दिसतील असे पातळ पदार्थ: पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, मलई न घेता शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा, भाताची गाळलेली निवळ, इलेक्ट्रॉल, सफरचंदाचा गाळलेला रस, मांसाहारी असाल तर अळणी सूप गाळून. दूध नाही. लाल-जांभळं काही नाही, म्हणजे कोकम सरबत, सोलकढी, बीट, डाळिंबाचा रस, गुलाबाचं सरबत, सगळं बाद. त्यांचा रंग आत रक्तासारखा दिसतो.

नुसतं साधं पाणीच पीत राहू नका. जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात. सरबतात मीठ-साखर घाला (मधुमेहींनी साखरेचं डॉक्टरांना विचारून).

संध्याकाळी कामाला लागण्याआधी संडासची व्यवस्था बघा. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर बादल्या, पिंप भरून ठेवा. घरात संडास एकच असेल तर बाकीच्यांना कल्पना द्या. खोबरेल तेलाची किंवा व्हॅसलीनची डबी आत ठेवा आणि पहिल्या फेरीआधीच लावा. दहाव्या फेरीनंतर आग सुरू झाल्यावर लावून उपयोग होत नाही. कागदाने पुसण्यापेक्षा कोमट पाण्याने धुवा. वयस्कर माणूस असेल तर आतून कडी लावू नये आणि रात्री दिवा चालू ठेवावा, कारण पाणी कमी होऊन चक्कर येते ती नेमकी उठताना.

पावडरचं पाणी

आपल्याकडे सर्रास मिळणारं पेगलेकचं पाकीट २ लिटर पाण्यात कालवायचं असतं. लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. पाणी थोडं कोमट असेल तर पावडर पटकन विरते. निम्मी-निम्मी पावडर अंदाजाने टाकण्यापेक्षा मोठ्या पातेल्यात एकदम दोन लिटर करून मग बाटल्यांत भरा. खाली बसलेली पावडर चमच्याने ढवळून पूर्ण विरघळवा आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. चव खारट, बुळबुळीत, वर लिंबाचा कृत्रिम वास. गार केल्यावर ती पुष्कळ सुसह्य होते. त्यात साखर किंवा सरबताचं पाकीट मिसळू नका. हवं तर मध्ये मध्ये लिंबाची फोड चोखा. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरून ओढलं की चव कमी लागते.

सगळं एका रात्रीत न पिता दोन हप्त्यांत प्यायलं की पोट जास्त चांगलं साफ होतं. हे आता जगभर मान्य झालंय. कारण सोपं आहे: रात्री आतडं साफ केलं तरी लहान आतड्यातून पित्ताचा चिकट स्राव सकाळपर्यंत उतरत राहतो आणि आतड्याच्या उजव्या भागावर थर धरतो. सकाळचा हप्ता तो थर धुऊन काढतो. सपाट पॉलिप लपतात तेही बहुधा उजवीकडेच. म्हणून झोपमोडीचा कंटाळा करू नका.

तपासणी सकाळी ११ वाजता असेल तर साधारण असं बसवा. संध्याकाळी ६ वाजता पहिली बाटली, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. पहाटे ५ वाजता दुसरी, तशीच. साडेसहापर्यंत संपवा. त्यानंतर पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते दवाखान्याने सांगितल्याप्रमाणे. किमान शेवटचे दोन तास पूर्ण कोरडे, काही भूलतज्ज्ञ याहून जास्त सांगतात.

पहिल्या पेल्यानंतर तासाभरात पोटात गुरगुर होते आणि मग फेऱ्या. एखाद्याला दोन तासही लागतात. तोवर घरात चालत राहा. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. उलटीची गोळी आधी दिली असेल तर ती घ्या. उलट्या थांबतच नसतील, किंवा पोट फुगून दुखतंय आणि संडासला मात्र होत नाही, तर पिणं थांबवून दवाखान्यात फोन करा. वाट आतून अडलेली असू शकते.

पोट साफ झालं हे ओळखायचं कसं? पातळ होणं पुरेसं नाही. शेवटी जे पडतं ते पिवळसर, लघवीसारखं आरपार दिसायला हवं. पिवळा रंग राहिला तरी चालतो, तो पित्ताचा. तपकिरी, गढूळ, तळाशी कण दिसत असतील तर ते दडवू नका. निघण्याआधी फोन करून सांगा, जादा औषध किंवा एनिमा देऊन बऱ्याचदा दिवस वाचवता येतो.

तपासणीच्या दिवशी

सोबत एक जाणतं माणूस न्या. त्याच्याशिवाय गुंगीचं इंजेक्शन देत नाहीत. दागिने घरी, नेलपॉलिश काढलेलं, कवळी असेल तर सांगायची. पाळी चालू असली तरी तपासणी होते. स्त्री डॉक्टर किंवा स्त्री सहायक हवी असेल तर वेळ घेतानाच बोला. मागून उघडा गाऊन घालायला देतात, वर चादर असते.

डाव्या कुशीवर निजवतात, हातातून औषध जातं आणि पुढचं बहुतेकांना आठवत नाही. दुर्बीण आधी उजव्या टोकापर्यंत, सीकमपर्यंत, नेतात आणि खरी पाहणी परत येताना होते. ती परतीची पाहणी किमान सहा ते आठ मिनिटांची असावी असा दंडक आहे. पॉलिप दिसला तर तारेच्या फासाने काढतात. अस्तराला दुखण्याची संवेदना नसल्याने ते कळतही नाही.

धोका शून्य नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार स्क्रीनिंगच्या दर १०,००० कोलोनोस्कोपींमागे मोठा रक्तस्राव सुमारे १५ जणांना आणि आतड्याला छिद्र सुमारे तिघांना. पॉलिप काढल्यावर हे जास्त संभवतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी तुमच्या बाबतीत काय, ते विचारा.

नंतर

पोटात भरलेला वायू निघेपर्यंत फुगल्यासारखं वाटतं. लाजू नका, सोडा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, स्कूटरही नाही, आणि कुठल्याही व्यवहाराच्या कागदावर सही नाही. पहिलं जेवण मऊ खिचडी किंवा दही-भात. एक-दोन दिवस संडासला झाली नाही तर घाबरू नका, आत काही उरलेलंच नसतं. पोटात वाढत जाणारं दुखणं, ताप, किंवा गुठळ्यांसह रक्त असेल तर थेट इमर्जन्सी. पॉलिप काढल्यानंतर रक्त दोन आठवड्यांपर्यंत कधीही जाऊ शकतं, तेव्हा लगेच लांबच्या प्रवासाचा बेत नको.

रिपोर्टवर तीन गोष्टी बघा: सीकमपर्यंत पोचले का (त्याचा फोटो असतो), पोट किती साफ होतं, आणि काय काढलं. सफाईला बोस्टन स्केलवर ० ते ९ गुण देतात. आतड्याच्या तिन्ही भागांना किमान २-२ असतील तर समाधानकारक. त्याहून कमी असेल तर "नॉर्मल" या शब्दावर दहा वर्षं निवांत बसू नका, वर्षभरात पुन्हा करावी लागते.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की पुढची तारीख ठरते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान असे एक-दोन साधे अ‍ॅडिनोमा (पुढे बिघडू शकणाऱ्या जातीचे पॉलिप) निघाले तर सात ते दहा वर्षांनी, तीन-चार असतील तर तीन ते पाच वर्षांनी, एखादा एक सेंटिमीटर किंवा मोठा असेल तर तीन वर्षांनी. ती तारीख रिपोर्टवर लिहून मागा आणि फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मोठा किंवा बिघडायच्या वाटेवरचा अ‍ॅडिनोमा निघाला असेल तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना कळवा. त्यांनाही चाळिशीपासून तपासणी लागते, आणि तुमच्याशिवाय त्यांना हे सांगणारं दुसरं कोणी नाही.